मोशीला न थांबणारं विमान

पोटची पोर पहिलटकरीण, दुबईला एकटी, आणि मी काळेवाडीत बसून डिंकाचे लाडू वळतेय. ह्याला आई म्हणायचं व्हय? पहिलं बाळंतपण आईच्या हातानं व्हायचं असतं. आम्रपालीला सासू न्हाई, नवरा दिवसभर कामावर. "आई, तू येशील ना गं?" असं तिनं फोनवर विचारलं की मी चतुराबाई, जिचं तोंड सगळ्या चाळीला माहीत, ती लाडवांचं बोलणं काढते.

कारण ती मेली लिफ्ट. संत तुकाराम नगरला एका साखरपुड्याला गेले, वीज गेली आणि मी एकटी त्या डबड्यात अडकले. बाहेर काढलं तेव्हा दार ओरबाडून माझी नखं मोडली होती. तेव्हापासून कुठलंबी दार बंद झालं की छाती आवळून येते. विमान म्हणलं तरी हातपाय गार पडायचे.

माझा समाधान चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे. त्याला विमानाचा भारी नाद. खऱ्या विमानात कधी पाय ठेवला न्हाई, पण घरी कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात दांडा फिरवून पुण्यातनं विमान उठवतो आन् दुबईला उतरवतो. वेळबी खऱ्याइतकाच लागतो. तो म्हणला, "आई, मी चालवतो, तू पाशिंजर हो. बसून बसून सवय होईल."

त्यानं आतली अडगळीची खोली रिकामी केली. कुदळवाडीच्या भंगारातनं बसच्या दोन सीटा आणून त्यांना पट्टे लावले. खिडकीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला लांबट भोक, आन् भोकामागं पळणारे ढग. सीटखाली कसलं यंत्र बसवलं, ती बारीक थरथरायची. स्पीकरवर इंजिनाची घरघर, पट्टा बांधायची 'टिंग', बाईचं गोड इंग्रजी, माणसांची कुजबुज. मी आत, तो बाहेर कॉम्प्युटरवर, आन् दाराला बाहेरनं कडी. विमानाचं दार मधीच उघडत न्हाई, म्हणून कडी.

पहिल्या दिवशी विमानानं पुणं सोडायच्या आत मी दार बडवलं. "ती आतली माणसं कोण रं? एकाचं बोलणं कळंना. परक्यांत कोंडल्यागत होतंय!"

पोरगं डोकेबाज. चाकणवरनं घरी येताना कंपनीच्या बसमधी मोबाईल चालू ठेवून त्यानं सगळी बडबड भरून आणली आन् ती विमानात घातली. आता माझ्या विमानात त्याचा दोस्त ज्योतीराम ओव्हरटाइमच्या नावानं खडे फोडायचा, कुणी घोरायचं, कुणी "सरक की राव" म्हणायचं. मला हसू यायचं. आन् काय सांगू बया, मी बसले! पार दुबईपतुर बसले. पुन्हा बसले. आम्रपालीला फोन लावला, "येते गं बाई." ती रडायलाच लागली.

एक दिवस जेवताना मी सहज बोलून गेले, "जीव घाबरतो रं मधी, पण मोशी आली की बरं वाटतं."

समाधानचा घास हातातच राहिला. "मोशी?"

"मोशीच की. ड्रायव्हर ओरडतो, मोशीवाले उतरा. बस थांबते, दार उघडतं, मग मी श्वास सोडते."

रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा पहिल्यापासनं लागायचं. म्हणजे पुण्यापासनं दुबईपतुर मला सारखी मोशी लागत होती. मी बसत नव्हते, मोशीची वाट बघत होते.

"आई," तो हळूच म्हणला, "विमान मोशीला थांबत न्हाई."

"मग काढ ती मोशी."

"राहू दे ना. जमतंय तर जमू दे."

"आन् तिकडं समुद्रावर कुठनं आणशील? काढ म्हणते ना!"

काढली. सुट्टीच्या दिवशी आत जाताना मी त्याला ठणकावलं, "मी कितीबी बोंबलले तरी दुबई आल्याबिगर दार उघडलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील." पोराचा चेहराच उतरला. आईची शपथ त्यानं आजवर मोडलेली न्हाई.

ज्योतीराम बोलत होता. बोलतच राहिला. मोशी यायची तिथं आली न्हाई. मी कान देऊन ऐकत होते, अन् मग अंगातनं घामाच्या धारा लागल्या. खोली बारीक होत होती. मी पट्टा काढला आन् दारावर धावले.

"समाधान, उघड."

मी दोन्ही हातांनी दार बडवलं.

"शपथ सुटली! मीच घातली, मीच सोडते! उघड रं!"

दार हललं न्हाई. मी लाथा घातल्या, शिव्या दिल्या. "मुडद्या, तुझी आई मरतीय हितं!" माझ्या पायात काटा मोडला तर रडणारं माझं पोर, पण कडी सरकली न्हाई. माझ्याच शब्दानं मी मला कोंडून घेतलं होतं, आन् मला समाधानचा असा राग आला, असा राग आला की काय सांगू.

मग धीर आला असं खोटं सांगणार न्हाई. ओरडून घसा बसला, लाथा घालून पाय भरून आले, म्हणून सीटवर बसले. भीती तशीच होती. किरकिरं पोर मांडीवर घ्यावं तशी ती घेऊन बसले. आम्रपालीचं नाव घेत राहिले, मधीच रडत राहिले. छाती आवळलेलीच होती, पण श्वास येत होता, जात होता.

'टिंग' झालं. स्पीकरवरच्या बाईनं आभार मानले, दुबई आली. बाहेर कडी सरकली, पण दार मलाच ढकलावं लागलं.

कडी काढून समाधान दाराशेजारी भुईवर बसला होता, दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून. रडून तोंड सुजल्यागत झालेलं. मी मारायला हात उचलला आन् त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"तिकीट काढ," मी म्हणलं. घशातनं आवाज फुटंना, त्याला ऐकूच गेलं न्हाई. मग मी त्याचे हात कानांवरनं ओढले आन् पुन्हा म्हणलं.