गुरुजींच्या हातातली बॅटरी

निवृत्त हेडमास्तर ओफोसुहेने यांचं म्हणणं, खिडकीच्या जाळीच्या गजांमधून चोराचं डोकं जाईल. जाळी घडवणारी दुफी म्हणत होती, जाणार नाही. गुरुजी आयुष्यात पुराव्याशिवाय बोलले नव्हते. दुफीच्या शेडमध्ये स्टुलावर बसून त्यांनी टेबलावर उभ्या केलेल्या जाळीत स्वतःचं डोकं घातलं. गेलं.

परत मात्र येईना. कान आडवे आले.

"सिद्ध झालं," गुरुजी म्हणाले. "आता काढ."

साबण झाला, पामतेल झालं. गुरुजी चकाकले, सुटले नाहीत. गाडीचा जॅक लावून पाहिला, पण गज तसूभर हलले नाहीत. दुफीला पहिल्यांदाच स्वतःच्या कामाचा राग आला.

सुआमे या कारागिरांच्या वस्तीतली वीज सकाळपासून गेलेली. उरला बॅटरीवरचा ग्राइंडर. त्याला घासायचं जाड चाक होतं; कापायचं पातळ चाक चढवायला हवं. दुफीने डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी बॅटरी न काढता चाक बदलताना बोट बटणावर पडलं आणि अर्धा अंगठा गेला. तेव्हापासून शेडचा नियम एकच: चाक बदलायचं तर आधी बॅटरी काढून गिऱ्हाइकाच्या हातात.

तिने बॅटरी काढून गुरुजींना दिली. मग चाक फिरू न देणारा खटका दाबून धरला, पान्याने नट सोडवला, जुनं चाक काढलं, नवं बसवलं, नट आवळला, चाकावरचा गार्ड फिरवून स्वतःच्या बाजूला घेतला.

"द्या बॅटरी."

"नाही," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जन्मभर असेच बसणार?"

"चाक दाखव."

तिने ते नाकासमोर धरलं. गुरुजींची नजर पेपर तपासायची होती. "चाकावर लिहिलेले फेरे यंत्रावरच्या आकड्यापेक्षा जास्त. बरोबर. चीर नाही. मधल्या कड्यावरची तारीख वाच."

दुफी त्या कड्याकडे कधी बघतच नसे. मुदत संपून दोन महिने झाले होते.

"जुन्या चाकाचे तुकडे उडतात, पोरी. कुठे उडायचं ते विचारून उडत नाहीत. समोर माझंच डोकं आहे."

दुफीचे कान तापले. ती शेजारच्या दुकानातून नवं चाक घेऊन आली. ते चढवलं. गुरुजींनी तारीख दोनदा वाचली आणि बॅटरी सोडली.

तिने जाळी टेबलाला आवळली. त्यांच्या कानात कापूस, डोक्यावर वेल्डिंगचा टोप, खांद्यावर ओलं पोतं. स्वतः चष्मा लावला. मग नवं चाक पारखायला लांब जाऊन यंत्र मिनिटभर रिकामं फिरवलं. गुरुजी टोपाआडून साठपर्यंत ओरडून मोजत होते. बाहेर टॅक्सीवाले थांबले. कुणाला तरी वाटलं प्रार्थना चालू आहे. त्याने टोपी काढली.

डोक्यापासून दोन हात लांब, गजाच्या पायथ्याशी दुफीने चाक टेकवलं. दोन्ही हातांनी, न दाबता. ठिणग्या रस्त्याकडे गेल्या. गज सुटला, वाकवला, गुरुजी बाहेर आले. कान मोजले. दोन.

"आता गज जवळ लावशील ना?"

"लावते. पण गुरुजी, तो चोर आत अडकला असता. पकडायला सोपा."

गुरुजींनी बोटांनी दोन गजांमधलं अंतर मोजून पाहिलं. दुफीने गजाची धार घासायला पुन्हा जाड चाक चढवायला घेतलं. सवयीने बॅटरी काढून पुढे केली.

आता मोकळे असूनही गुरुजी स्टुलावर बसले, आणि ती दोन्ही हातांत धरून राहिले.