आमच्या नावाचे गोऱ्हे

आमच्या दवाखान्याचा इतिहास कोणाला हवा असेल तर त्याने भिंतीवरचे फोटो बघत बसू नये. बाळापूरच्या आसपास कोणत्याही गोठ्यात जावं. तिथे तो कुटार खात उभा असतो.

रीत अशी की अडलेल्या गाईचं वासरू ज्या डॉक्टरने ओढून काढलं, त्याचंच नाव वासराला ठेवायचं. माझे सासरे नत्थुजी यांनी टिनाच्या खोलीत जनावरांचा दवाखाना उघडला तेव्हापासून हे चालू आहे. गोऱ्हा झाला तर नत्थू, कालवड झाली तर नत्थी. सासरे बाजारातून चालले की मागून आवाज यायचा, "अबे नत्थ्या, सरक तिकडं," आणि ते बिचारे सवयीने बाजूला सरकायचे. सासरे गेले, नत्थे अजून चरतात.

मग माझे यजमान भगवंत डॉक्टर झाले आणि गोठ्यांत भगवंते निघू लागले. हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. नवी नवरी होते, एक गडी सकाळीच दारात येऊन म्हणाला, "वहिनी, भगवंत गेला रातच्याले. साहेबाले सांगून द्या." पुढचं 'साहेबाले' मी ऐकलंच नाही. हातातलं पातेलं पडलं आणि असा गळा काढला की अख्खी आळी जमली. यजमान टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा कुठे मी थांबले. गडी शांतपणे म्हणाला, "आमचा गोऱ्हा हो, वहिनी." त्या दिवसापासून या घरात कोणीही गेल्याची बातमी आली की मी आधी विचारते, किती पायांचा?

आमची आकांक्षा अकोल्याला शिकून डॉक्टर झाली आणि घरच्याच दवाखान्यात बसू लागली. खांद्यापर्यंत हात घालून तिने कितीतरी वासरं काढली. नावं मात्र भगवंत, नाही तर भगवंती. कारण तिचे बाबा दर वेळी सोबत जातात, गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात, आणि लोकांना वाटतं जादू त्या हातात आहे. पोर घामाघूम होऊन उठते, पहिला चहा बाबांना. साहेब होते म्हणून निभावलं म्हणे. यजमानांच्या मनात काही वाईट नसतं, खोड आहे ती. खोडीवर रागावून उपयोग नसतो. मी तरी रागावते.

पोरगी हसून सोडून द्यायची. मग अमरावतीहून बोलावणं आलं, कुत्र्यामांजरांच्या मोठ्या दवाखान्यातून. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शनिवारी जेवताना ती म्हणाली, "आई, तिथं मले डॉक्टर म्हनतीन. इथं मी साहेबाची पोट्टी. एक गोऱ्हा माह्या नावाचा निघाला असता ना, तं मी गेली नसती."

बाबा ताटात बघत बसले. मला घास उतरेना. एकुलती एक लेक. ती गेली तर घरात आम्ही दोघं आणि गावभर भगवंते.

रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे सूर्यभान, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा शेतकरी. "वहिनी, गाय अडली. पाय दिसून राहिले, मुंडकं नाही. साहेबाले धाडा लवकर."

साहेब तेव्हा न्हाणीत अंगाला साबण लावत होते. मी जाऊन बाहेरून कडी घातली आणि फोनवर म्हणाले, "साहेब बडनेऱ्याले गेले, पाहुने आनाले. डॉक्टर येऊन राहिले."

"कोन्ते डॉक्टर?"

"आले की पाहून घ्या," म्हणून मी फोन ठेवला.

आकांक्षाने पिशवी उचलली, स्कूटी काढली. इकडे न्हाणीचं दार धडधडू लागलं.

"अवं जयवंता, कडी कोनं लावली?"

"हवेनं लागली असन."

"मंग काढ ना."

"हात पिठाचे हायेत."

स्कूटीचा आवाज वळणावर विरेपर्यंत त्यांनी दार बडवलं. मग एकदम गप्प झाले आणि सावकाश अंगावर पाणी ओतू लागले. मला वाटलं, हरला बिचारा. बऱ्याच वेळाने कडी काढली तर हाताची बोटं सुरकुतलेली, पण तोंडात रागाचा शब्द नाही. "चाल, पाहून येऊ," एवढंच म्हणाले.

मोटारसायकलवरून आम्ही सूर्यभानच्या गोठ्यात पोचलो तेव्हा गाय वासराला चाटत होती. आमची पोर कुटारात बसलेली, हात खांद्यापर्यंत माखलेला, आणि सूर्यभान स्वतः तिच्यापुढे चहाचा कप धरून उभा. यजमानांना बघून म्हणाला, "साहेब, तुमचा हात तं शिरलाच नसता. मुंडकं मागं मुरडलं होतं. पोट्टीनं..." तो थांबला. "डॉक्टरनं वासरू आत लोटलं, मुंडकं सरळ केलं, मंग काढलं."

यजमानांचा हात सवयीने गाईच्या पाठीकडे निघाला. मी चिमटा काढला. हात खिशात गेला.

"नाव काय ठेवलं, भाऊ?" मी विचारलं.

"आकांक्ष्या."

पोरीला चहाचा ठसका लागला. "काका, गोऱ्हा हाय तो."

"मंग? कालवडीले नत्थी म्हनलं तवा नत्थुजी रागावले होते काय? रीत ते रीत."

आकांक्षा आधी हसली, मग तोंड फिरवून रडली. मीही रडले, लपवायचं कशाला. आकांक्ष्या तेवढ्यात लटपटत उठला आणि माझ्या यजमानांच्या बुटावर मुतला.

संध्याकाळी तिने अमरावतीला फोन करून नाही सांगितलं. मी हातपाय धुवायला न्हाणीत गेले, तर दार ओढताच कडी स्क्रूंसकट माझ्या हातात आली.

"पंधरवडा झाला ढिली हाय," यजमान मागून म्हणाले. "आतून लोटलं की निघते."

"मंग आत कावून बसले होते? आनि दार कावून बडवत होते?"

"थोडा तं गलका करा लागते. नाही तं तुले शंका आली असती." चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "बाहेर असतो तं तिच्यासंग गेलो असतो. मले राहवलं नसतं. शनिवारी घास माह्याही उतरला नव्हता, जयवंता."