गठ्ठ्यातला विषय

विद्यापीठाच्या नियामक मंडळावर शहरातला एक साधा माणूस असावा असं वरच्या लोकांच्या मनात आलं, आणि ती माळ ड्रायव्हरमामांच्या गळ्यात पडली. मामांनी जन्मभर विद्यापीठाची बस चालवलेली. लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्ही सीटवर बसायचं, गाडी दुसरे चालवणार."

"मागं बसलं की मला मळमळतं गं," मामा म्हणाले.

तरी ते हो म्हणाले, त्याला कारण होतं. विद्यापीठात जिन्याखाली एक खोली होती. तिथं संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवत. मामांना अक्षरं तिथंच भेटली, तीही केस पिकायला लागल्यावर. एकट्याला नव्हे, बायको त्याच बाकावर शेजारी. तिची गाडी केव्हाच पुढं गेलेली, यांची घाटात अडकलेली. "एवढी मोठी बस उलटी नेता," ती कोपर मारून म्हणायची, "आणि एक जोडाक्षर वळत नाही?" पुढं घरात आलेला प्रत्येक कागद तीच वाचायची, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. मामांनाही वाचता येत होतंच. पण तिच्या तोंडून ऐकलं की कागदाला जीव आल्यासारखा वाटायचा. ती गेली आणि घरातले कागद मुके झाले.

आता तो वर्गच बंद करून तिथं पार्सलं ठेवायची खोली करायचं घाटत होतं. मामांच्या पहिल्याच सभेत तो विषय होता. घरी आलेल्या कागदांत तो अगदी शेवटी, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मामांनी आठवडाभर भाषण घोटलं.

"बाबा, आता भांड्यांनाही पाठ झालं," लेक नळापाशी उभी राहून म्हणाली.

"भांड्यांना मत नसतं. तू ऐक."

सभागृहातल्या खुर्च्या इतक्या मऊ की बसलेला माणूस निम्मा गडप व्हावा. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "गठ्ठ्यातले विषय मंजूर?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनीही डोलावली. परक्या घरी सगळे हात धुवायला उठले की आपणही उठतो, तशी. मग नव्या फाटकाचा रंग कुठला असावा यावर बराच खल झाला. मामा खिशातल्या कागदावर हात ठेवून आपला थांबा यायची वाट पाहत राहिले. थांबा आलाच नाही. अध्यक्षांनी आभार मानले, खुर्च्या सरकल्या.

"साहेब, जिन्याखालचा वर्ग राहिला," मामा घाईनं म्हणाले.

अध्यक्षांनी सचिवबाईंकडं पाहिलं. मंडळाचं सगळं कामकाज त्यांच्या हातात. "तो झाला, मामा," बाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच. गठ्ठ्यात होता."

"कसला गठ्ठा?"

"ज्यावर कुणाला बोलायचं नसतं ते सगळे विषय एकदम मंजूर होतात. कुणाला बोलायचं असलं तर आधी आम्हाला सांगून तो विषय बाहेर काढून घ्यायचा. तशी सूचना टाकली होती, संगणकावर, तुमच्या खात्यात."

"माझं खातं पोस्टात आहे, बाई."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "तुम्हीही मान डोलावलीत, मामा," त्या हलकेच म्हणाल्या.

तीच मान मामांना पेलवेना. ज्या खोलीसाठी इथवर आलो, ती आपल्याच मानेनं गेली. जिना उतरताना मंडळावरचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. "मनाला लावून घेऊ नका," ते कुजबुजले. "हा गठ्ठा काय असतो हे मलाही दीड वर्षानं कळलं. तोवर मीही मान हलवत होतो. विचारायची लाज वाटायची." मागून सचिवबाई येत होत्या. त्यांनी ते ऐकलं.

मामा वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसले, अर्धी जागा सोडून. बाई दारात थांबल्या.

"सूचना टाकली की माझं काम संपलं, असंच धरून चालले होते मी," त्या म्हणाल्या.

"आता गाडी मागं घेता येते का?"

"खोली गेली, मामा. या बाकांचं काय करायचं, ते पुढच्या सभेत येईल."

पुढच्या सभेआधी दुपारी फोन वाजला. सचिवबाई प्रत्येक सभासदाला फोन करत होत्या. एकेक विषय वाचायच्या, साध्या शब्दांत सांगायच्या आणि विचारायच्या, "हा गठ्ठ्यात राहू दे, की बाहेर काढू?" मामा फोन कानाशी धरून डोळे मिटून बसले. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना कागद वाचून दाखवत होतं.

"जुने बाक मोडीत काढणे," बाईंनी वाचलं.

"बाहेर काढा!" मामा असे ओरडले की आत लेकीच्या हातून झारा पडला.

सभेत त्यांनी घोटलेलं भाषण काढलंच नाही. ते शिळं झालं होतं. बाक आहेत, शिकायला येणारी माणसं आहेत आणि उपाहारगृहाची माडी संध्याकाळी रिकामी असते, एवढंच ते म्हणाले. फाटकाच्या रंगाला लागला त्याहून थोडा कमी वेळ वाद झाला आणि वर्ग माडीवर सुरू झाला. मामा जाऊन पाहून आले. उजेड चांगला होता, वाराही होता. बाक तोच होता. पण जिन्याखालचा तो अंधारलेला कोपरा, जिथं कोपर खाऊन खाऊन त्यांची बरगडी शहाणी झाली होती, तो पार्सलांखाली गेला तो गेलाच.

पुढं लेकीनं शिकवलं आणि मामांना ते सभासदांचं खातं उघडता यायला लागलं. कागद आले की ते दोनदा वाचून काढायचे. तरी फोनची वाट पाहायचे.

"मामा, लेक सांगत होती, तुम्हाला आता खातं उघडता येतं म्हणे," एकदा बाई फोनवर म्हणाल्या. "मग यापुढं फोन नको ना करू?"

लेक समोरच उभी होती. मामांनी तिच्याकडं पाठ फिरवली.

"कुठलं येतंय, बाई," ते म्हणाले. "वाचा तुम्ही. जरा सावकाश वाचा."