दाताखालची किरकिर

जैनबबी हसल्या की खालच्या हिरडीच्या कडेला, दात जिथे आत शिरतात अगदी तिथे, एक निळसर रेघ दिसते. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. त्या पान खात नाहीत, मिशेरी लावत नाहीत. माहेनूर सून होऊन अकोल्यात या घरी आली तेव्हा तिला ती रेघ सासूच्या चेहऱ्याचाच भाग वाटली होती, गालावरच्या तिळासारखी. आता ती रोज सकाळी आरशापुढे स्वतःचा ओठ खाली ओढून बघते. अजून रेघ नाही. सातवा महिना सुरू आहे.

घर सुरम्याचं. सासरे कुर्बानभाई काळा, चकाकणारा दगड आणतात आणि घरातल्या बायका तो गुलाबपाण्यात घोटतात. काम आठवडेच्या आठवडे चालतं. पूड पुरेशी बारीक झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चिमूटभर दाताखाली धरायची. किरकिर लागेनाशी झाली की सुरमा झाला. दुकानात पार भातकुलीहून माणसं येतात, चाचा, मायच्या डोयाले लय आराम पडला, असं सांगतात, आणि त्या दिवशी कुर्बानभाई दोन घास जास्त जेवतात.

घराची एक रीत आहे. छट्टीला, जन्मानंतरच्या सहाव्या दिवशी, बाळाच्या डोळ्यांत जो सुरमा घालायचा, तो त्याच्या आईनेच घोटायचा. सतवाशाच्या दिवशी, म्हणजे सातव्या महिन्याच्या कार्यक्रमात, खल तिच्या मांडीवर ठेवतात. तिथून पुढे बाळंतपणापर्यंत रोज थोडं थोडं.

माहेनूरने अमरावतीला रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. गॅलेना हे शिशाचं खनिज, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पण घरातल्या दगडाला सगळे इस्मद म्हणत. ही दोन नावं तिच्या डोक्यात कधी शेजारी आलीच नाहीत. थोरली लेक नगमा पोटात होती तेव्हा तिने रीतीप्रमाणे खल चालवला, रोज चिमूट दाताखाली धरली.

नगमा आता पाच वर्षांची आहे. सांगितलेलं तिच्याजवळ टिकत नाही. सकाळी शिकलेला रंग दुपारी पुन्हा नवा असतो. तिचे शब्द तिच्याहून लहान मुलांपेक्षाही कमी आहेत. उन्हाळ्यात बालवाडीच्या बाईंनी तिला दाखवून आणायला सांगितलं. मुलांच्या डॉक्टर चारुता यांनी खूप वेळ घरातल्याच गोष्टी विचारल्या, पाणी, रंग, भांडी, आणि सुरम्याचं नाव निघाल्यावर त्या लिहायच्या थांबल्या. मायलेकींचं रक्त मुंबईला तपासायला गेलं. दोघींच्याही रक्तात शिसं निघालं. हिरडीवर तशी निळसर रेघ शिशाने येते, हेही माहेनूरला तेव्हाच कळलं. माहेनूरला तेव्हा दिवस गेलेले होते.

बाळाचा मेंदू पोटातच घडू लागतो, डॉक्टरांनी सांगितलं, आणि शिशाला नाळ अडवू शकत नाही. नगमाचं केवळ त्यामुळेच झालं असं त्या म्हणणार नव्हत्या. एका मुलाबद्दल तसं खात्रीने सांगता येत नाही. पण शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. बाळाच्या हाडांसाठी आई आपल्या हाडांतून कॅल्शियम देते तेव्हा हेही त्याच्याबरोबर बाहेर पडतं. माहेनूरने विचारलं, आत्ता थांबवलं तर?

“कमी होईल,” डॉक्टर म्हणाल्या. “शून्य होणार नाही.”

तेव्हापासून ती कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या चुकवत नाही आणि खलापासून दूर राहते. पाठ दुखते असं सांगते. पण घोटणं त्याच घरात चालतं, त्याच फरशीवर, आणि नगमा त्याच फरशीवर खेळते. नवऱ्याने, फुरकानने, ईद झाल्यावर अब्बांना सांगतो म्हटलं. मग लग्नसराईची गर्दी ओसरल्यावर. तो वाईट नाही; रोज न विसरता दूध आणतो.

ती स्वतःही बोलली नव्हती. त्यामागे सासऱ्यांच्या दुकानाची काळजी नव्हती, जैनबबी होत्या. फुरकानच्या आधी जैनबबींची दोन बाळं पोटातच गेली होती, तिसरं महिन्याचं होऊन गेलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी खल चालवला होता. अल्लानं देल्ले, अल्लानं नेले, असं त्या म्हणत, आणि त्या वाक्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं. माहेनूरने तोंड उघडलं असतं, तर ते वाक्य त्यांच्याकडे राहिलं नसतं.

सतवाशाला मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. माहेनूरला हिरवी ओढणी पांघरली, ओटीत फळं घातली. जैनबबी रंगात होत्या.

“सून बी.एस्सी. हाय माही,” त्या म्हणाल्या. “पन खल दिसला का पाठ दुखते तिची. लेकरू बी परीक्षेचा पेपर घिऊनच येईन.”

बायका हसल्या. जैनबबींनी खल दोन्ही हातांनी उचलून तिच्या मांडीवर ठेवला. आत अर्धवट घोटलेली काळी पूड होती.

“घे बेटा. दोन हात फिरव, नाव होऊ दे. बाकीचं माह्यावर सोड.”

दोन हात फिरवल्याने फार काही होणार नव्हतं. माहेनूरने बत्ता हातात धरला.

तेवढ्यात नगमा बायकांमधून वाट काढत आली. तिने खलात बोट बुडवलं, पुढच्या दातांवर घासलं, डोळे मिटले आणि मान किंचित कलती करून थांबली. अगदी आजीसारखी. किरकिर ऐकत.

“पाहा,” जैनबबी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. “हे नाही इसरली माही पोर.”

त्या हसल्या. रेघ दिसली.

माहेनूरने ओढणीच्या टोकाने नगमाचे ओठ पुसले, दात पुसले, बोट पुसलं. मग खल मांडीवरून उतरवून खाली ठेवला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

“अम्मी, हा सुरमा मी घोटणार नाही. अन् आता या घरात कोनीच घोटायचा नाही. हा दगड शिशाचा हाय. पोटातल्या लेकराच्या मेंदूत जाते तो.”