हाताला हात

शाल्मलीने चित्रातला उजवा हात पुन्हा पुसला. पावाचा मऊ भाग बोटांत मळून तिने मनगटापासून कोपरापर्यंतचा कोळसा टिपून घेतला आणि कागदाचा तेवढा तुकडा करडा, रिकामा झाला. चेहरा कागदावर छान उतरला होता, खांद्यावरची शालही जमली होती. हातच तेवढा होत नव्हता.

"किती वेळ ग अजून?" डॉक्टर शशिकांत म्हणाले. "पळी धरून धरून माझा पुतळा झालाय."

"फाइव्ह मिनिट्स, काका. सॉरी."

"हलू नका हो," शेजारच्या बुटक्या स्टुलावरून वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांची चार बोटं नवऱ्याच्या कोपराला टेकलेली होती.

डॉक्टरांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात होतं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं कौतुक कार्डिफच्या मराठी मंडळींनी हॉल घेऊन करायचं ठरवलं होतं, आणि हॉलच्या दाराशी डॉक्टरांचं मोठं चित्र हवं, हा वैजयंतीबाईंचा हट्ट होता. पूजेला बसलेले, सोवळ्यातले, पळीने उदक सोडणारे डॉक्टर. एक्क्याऐंशीच्या माणसाचा हात असा अधांतरी किती वेळ राहणार? म्हणून बाई रोज चित्राच्या चौकटीबाहेर स्टूल घेऊन बसत आणि त्याला आधार देत.

"पूजेत यजमानाच्या हाताला बायकोचा हात लागल्याशिवाय उदक सुटत नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी शाल्मलीला समजावलं होतं. "मग चित्रात तरी कसं सुटेल?"

"मग तुम्ही पण या ना काकू, चित्रात."

"मी कशाला? चित्र ह्यांचं आहे."

शाल्मलीने कोळसा पुन्हा कागदावर टेकवला. मनगट आलं, पुढे कोपराकडे रेघ सरकली, आणि दर वेळी इथेच येणारा तो आवाज परत सुरू झाला. बारीक, सलग घरघर. रेघ वाकडी गेली.

"काकू," तिने शक्य तितक्या सहज विचारलं, "तुमचा फ्रिज कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये. का ग, भूक लागली?"

शाल्मलीच्या तोंडचं पाणी पळालं. गॅरेज घराच्या पार पलीकडे होतं.

तिची आई प्रमोदिनी साताऱ्याची. नर्स म्हणून वेल्समध्ये आली आणि उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका एल्फाशी, तिथल्या टोकदार कानांच्या परीकुळातल्या माणसाशी, तिने लग्न केलं. वेल्समध्ये याचं कुणाला फारसं नवल नाही; नवल वाटलं ते मराठी मंडळातल्या बायकांना. "म्हणजे वेल्शच ना?" असं त्या कितीतरी वर्षं विचारत राहिल्या. मुलीचं नाव झाडाचं हवं, एवढीच बापाची अट होती. आईने तीही मानली आणि आपलंही सोडलं नाही. बाळाचं नाक सरळ व्हावं म्हणून आपल्याकडे तेल लावून चोळतात, तसे तिने लेकीचे टोकदार कान रोज चोळले, गोल व्हावेत म्हणून. कान जसेच्या तसे राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

एल्फांच्या मुलांना साधारण सातव्या-आठव्या वर्षी थोरली माणसं डोंगरात नेऊन शिकवतात: कानावर आलेला आवाज कुणाचा, कुठून आला, किती जुना. शाल्मली सहा वर्षांची असताना बाप आपल्या माणसांत परत गेला, आणि ते शिकवायचं राहूनच गेलं. ऐकू सगळं येई, पण नीट कळत काही नसे. ग्रेंजटाऊनमधल्या त्यांच्या घरात एका हिवाळ्यात अशीच घरघर सुरू झाली, तेव्हा तिने फ्रिजवाल्याला बोलावलं. त्याने फ्रिज बदलायला सांगितला. नवा फ्रिज आला, घरघर तशीच राहिली, आणि वसंत ऋतू यायच्या आत आई गेली. त्या दिवशी घर शांत झालं, तेव्हा शाल्मलीला समजलं की फ्रिजचा काही दोष नव्हता.

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या पेनार्थच्या घरून बसने परत येताना ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. जिवाला घोर लागला होता. सांगावं, तर "पोरीचं डोकं फिरलंय" म्हणून चित्र हातचं जाणार. हे चित्र तिच्यासाठी लहान नव्हतं. त्या हॉलमध्ये ब्रिस्टलपासूनची माणसं येणार, चित्र बघणार, मग कदाचित आणखी कुणी काही काढायला सांगणार. न्हाव्याच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत हीटर शोभेला होता, आणि पावाचा मधला भाग कोळसा टिपायला घेतला की कडा रात्री जेवायला होत. पण न सांगावं, तर एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत जाणार, आणि या वेळी फ्रिजवर ढकलताही येणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर तिने कूस बदलत काढली.

पुढच्या बैठकीला तिने कोळसा हातात घेतलाच नाही.

"काका, मला एक सांगायचं. तुमच्या हातात आवाज येतो. वाईट आवाज. माझ्या आईला पण तसाच होता, बिफोर शी डाइड." तिचे कान लाल झाले. "मला नीट येत नाही हे. कोणी शिकवला नाही. पण प्लीज, तुम्ही टेस्ट्स करा."

डॉक्टर बघत राहिले. जन्मभर हाडं जोडलेला माणूस, पण वेल्समध्ये इतकी वर्षं काढलेला कुणीही एल्फाचं बोलणं हसण्यावारी नेत नाही.

"ह्यांना काही झालेलं नाही," वैजयंतीबाई फाडकन म्हणाल्या.

"अग, तिला ऐकू येतंय म्हणते."

"म्हणू दे. मला माहितीये ना, ह्यांना काही झालेलं नाही!" आवाज चढलेला त्यांच्याच लक्षात आला असावा. त्या उठून चहा टाकायला गेल्या, आणि डॉक्टरांनी फोन उचलून आपल्या एका जुन्या ज्युनिअरला लावला.

तपासण्या झाल्या. रक्त, हृदय, फुप्फुसं, पोट, डोकं, जे जे म्हणून तपासता येतं ते सगळं. तेवढे दिवस शाल्मलीने खोलीत नुसत्या फेऱ्या मारल्या. दोन शेजाऱ्यांची चित्रं अर्धवट राहिली.

त्यानंतरच्या बैठकीला दार डॉक्टरांनीच उघडलं.

"ये ये, घोड्यासारखा आहे मी," ते म्हणाले. "कार्डिऑलॉजिस्ट म्हणाला, तुमचं हार्ट बघून मलाच लाज वाटली. आमचा मुलगा यतीन मात्र मँचेस्टरला बसून तुझ्या नावाने ठणाणा करतोय. ही कुठली पोरगी आणलीत, तिला घालवा म्हणे."

"काका, आय ॲम सो सॉरी. माझी चूक झाला."

"झाली," त्यांनी हसत दुरुस्त केलं. "जाऊ दे. चित्र पुरं कर."

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका भल्या माणसाला आपण त्याच्या सोहळ्याच्या तोंडावर सुयांनी टोचून घ्यायला लावलं. वैजयंतीबाई तर इतक्या मायेने वागत होत्या की तिला अजूनच शरम वाटत होती. "त्यात काय एवढं? काळजीपोटीच बोललीस ना?" असं म्हणून त्यांनी तिच्यापुढे बेसनाचा लाडू ठेवला. इथून पुढे कानावर काहीही येवो, तोंड उघडायचं नाही, असा शाल्मलीने कानाला खडा लावला.

डॉक्टरांनी पळी धरली. बाई स्टुलावर बसल्या, त्यांची बोटं कोपराला टेकली. शाल्मलीने मनगट काढलं, रेघ वर सरकली, आणि घरघर सुरू झाली. मागच्यापेक्षा मोठी होती. तिने दात आवळले आणि रेघ पुढे नेली.

दाराची घंटा वाजली.

"पार्सल असेल. तुम्ही हलू नका हं," म्हणत वैजयंतीबाई उठल्या.

त्यांच्याबरोबर घरघरही उठली. खोलीतून बाहेर पडली, पॅसेजमधून दाराकडे गेली, तिथे थोडी थांबली. मागे डॉक्टरांचा हात एकटा, हवेत, थोडासा थरथरत राहिला होता, आणि त्याच्याभोवती काही नव्हतं. शाल्मलीने झटक्यात रेघ मारली. कोपर पहिल्याच फटक्यात कागदावर उतरलं.

तिच्या हातातला कोळसा मोडला. हात काकांचा, पण त्याला लागलेली बोटं काकूंची. इतके दिवस तिने ती बोटं हिशेबात धरलीच नव्हती, कारण ती चित्रात नव्हती.

पॅसेजमधून आवाज परत येऊ लागला. आता पुन्हा कुठल्या तोंडाने सांगायचं? एकदा लांडगा आला म्हणून ओरडून झालं होतं. या वेळी हसून सोडणार नाहीत, सरळ दार दाखवतील, आणि यतीन म्हणतो ते खरं ठरेल. वैजयंतीबाई आल्या, स्टुलावर बसल्या, सवयीने हात पुढे केला.

"काका," शाल्मली म्हणाली. "तो आवाज तुमचा नव्हता. काकूंचा आहे. आत्ता त्या बाहेर गेल्या, तर आवाज पण बाहेर गेला."

वैजयंतीबाई मोठ्याने हसल्या. "झालं! आता माझी पाळी का?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पळी ताम्हनात ठेवली आणि बायकोकडे पाहिलं. पन्नास-पंचावन्न वर्षं ऐकलेलं तिचं हसणं त्यांना पाठ होतं, आणि हे ते नव्हतं.

"वैजू," ते म्हणाले. "कधीपासून?"

"काय कधीपासून? तुम्ही पण ना, त्या पोरीच्या नादी..."

"वैजू."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग शाल्मलीकडे बघत, जणू तिलाच सांगत असाव्यात तशा म्हणाल्या, "उन्हाळ्यातच कळलं. ऑपरेशन लगेच करू म्हणत होते ते लोक. मीच तारीख पुढे ढकलली. हॉल बुक झाला होता, यतीन मुलांना घेऊन येणार, पुण्याहून ह्यांची बहीण येणार. म्हटलं, एकदा पूजा होऊ दे. बायकोच हॉस्पिटलमध्ये पडली तर यजमानाच्या हाताला हात कोण लावणार?"

"आणि त्यांनी काय सांगितलं? थांबलीस तर?"

बाईंनी ताम्हनातली पळी उगाच सरळ करून ठेवली.

डॉक्टरांनी फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. मग म्हणाले, "यतीन, हॉल कॅन्सल कर."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं.

"अहो, असं काय करता? दोनशे माणसांना आमंत्रणं गेलीत," वैजयंतीबाई त्यांची बाही ओढत होत्या. "लोक काय म्हणतील? आणि हजार चंद्र का पुन्हा पुन्हा येतात?"

"कॅन्सल कर. आणि आज रात्रीच निघ. तुझ्या आईचं ऑपरेशन आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शाल्मली कोळशाचे तुकडे डब्यात भरू लागली. आता सोहळा नव्हता, म्हणजे चित्रही नव्हतं. वैजयंतीबाई तिच्यावर उसळल्या, "तुला कुणी सांगितलं होतं ग बोलायला?" आणि लगेच, त्याच रागात, "आणि निघालीस कुठे उपाशी? जेवून जा. भात टाकते."

"तू बस," डॉक्टर म्हणाले. "भात मी लावतो."

सोवळं सावरत ते स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग डब्यांची झाकणं, मग काहीतरी खाली पडलं. शाल्मली उठून मदतीला जाणार, तेवढ्यात बाईंनी तिला हाताने थांबवलं.

"वैजू," आतून हाक आली, "आपल्याकडे तांदूळ कुठे असतात ग?"

वैजयंतीबाईंना तेव्हा कुठे रडू फुटलं.