फळीतली चूक

बोगस बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटानं आमची पऱ्हाटी बुडवली आणि आमच्या ह्यांचा माणसांवरचा विश्वासच उडाला. दुधात बोट बुडवून बघायचे, पेट्रोल भरताना आकड्यावरून नजर हटवायचे नाहीत. एक दिवस माझंही लेबल वाचतील, असं मी चिडून म्हणायची.

आमची करिष्मा मलकापूरला कॉलेजात मैत्रिणीच्या गिटारवर शिकली. मैत्रीण लग्न होऊन गेली, तिच्याबरोबर गिटारही गेली. तेव्हापासून पोरगी घरात मुक्यासारखी वावरायची. संग्रामपुरात कय्यूम मिस्त्रीचा आसिम छोट्या सीएनसी मशीनवर गिटारी बनवतो. कॉम्प्युटरवर आकार काढून दिला की मशीनचं फिरतं पातं तसंच्या तसं लाकूड कोरतं. करिष्मासाठी एक सांगितली, तर तो म्हणाला, जाड सागवान आणा. आमच्या मोडक्या बैलबंडीतून एकच धड फळी निघाली, ती दिली.

त्या दिवसापासून ह्यांची झोप गेली. "तो आपलं सागवान ठेवून घेईन अन् दुसरंच लाकूड रंगवून देईन, तू पाह्यजो!"

कापायच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. आसिम करिष्माला बाहेरच्या खोलीत तारा दाखवायला घेऊन गेला. तेवढ्यात ह्यांनी खिशातून एक बारीक लोखंडी चूक काढली, फळीत मधोमध ठोकली आणि वरून भुसा दाबला.

"हे काय करून राह्यले?"

"खूण. गिटार आली का चुंबक लावून पाहीन."

मी कपाळावर हात मारला. बोलणार तोच दोघं आत आली, आणि पोरीसमोर तमाशा नको म्हणून मी गिळलं.

मशीन सुरू झालं, पण पातं फळीला शिवेचना. "पाहा, नुसता देखावा!" हे कुजबुजले.

"पह्यला फेरा हवेतच घेतो, काका," आसिम म्हणाला. "काई चुकलं तर लाकूड वाचते."

दुसऱ्या फेऱ्याला भुसा उडू लागला. सागवानाचा वास सुटला. किती तरी महिन्यांनी करिष्मा हसली.

मग कडाड् आवाज झाला. पातं मोडलं, फळी पकडीतून उसळली आणि उभी चिरली.

आसिमनं पक्कडीनं चूक उपसली. "रात्रीच सारे खिळे काढले होते म्या," तो पुटपुटला. "माह्याच नजरेतून सुटली."

"एवढी चूक दिसली नाई तुले?" करिष्मा त्याच्यावर ओरडली.

तो मान खाली घालून उभा राहिला.

"त्याची नाई," हे म्हणाले. "माही हाये. आत्ता म्याच ठोकली."

आसिमनं स्वतःसाठी जपलेली शिवणाच्या लाकडाची फळी आतून आणली, पकडीत घट्ट बसवली, नवं पातं लावलं. फळीवर उलटसुलट चुंबक फिरवलं. मग बटणावर हात ठेवून, वर न बघता म्हणाला, "इंद्रभानकाका, तुमी जरा बाहेर थांबता काय?"

हे मुकाट्यानं बाहेर गेले. करिष्मानं उठून दाराला आतून कडी घातली. मीही उठून ती काढली नाही.