बळीरामचा ठिपका

चुरमा कुसकरता कुसकरता भामाने हात थांबवला, तुपाची बोटं पदरापासून लांब धरली आणि करंगळीच्या पेराने फोनची काच पुन्हा उजळवली. ठिपका तिथेच होता. चौक गावाच्या अलीकडे, जुन्या हायवेच्या निळ्या रेषेवर. मघापर्यंत हिरवा होता, आता लाल झाला होता.

"परत बगितलंस?" गुळाचा खडा फोडत दिपिका म्हणाली. "बगून बगून नजर लावशील त्या ठिपक्याला."

"हलत नाय गं."

"दमला असंल. तुजा ठिपका हाय, त्याला पन उपास घडला असंल आज."

भामाला हसू आलं नाही. दिपिकाने ते पाहिलं आणि गूळ फोडायचं काम जरा हलक्या हाताने करू लागली.

पनवेलजवळच्या विचुंब्याच्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर होती. दोघींचे नवरे ट्रेलरवर. दिपिकाचा दिनानाथ स्वतःची गाडी चालवायचा, मनाला येईल त्या रस्त्याने जायचा. भामाचा बळीराम ऑफिसच्या गाडीवर होता, आणि ऑफिसने प्रत्येक गाडीच्या काचेवर एक यंत्र चिकटवलं होतं. त्यात कंटेनरची उंची, वजन, कुठे पोचायचं, सगळं भरलेलं असायचं. कुठे वळायचं ते यंत्रातली बाई सांगायची. रेष सोडून गाडी दुसरीकडे गेली, की ऑफिसात घंटा वाजायची. नको तिथे जास्त वेळ थांबली, तरी वाजायची. मालवाल्याला गाडी दिसावी म्हणून ऑफिस एक लिंक पाठवायचं. तीच लिंक बळीरामने भामाला दिली होती. यंदाच्या पावसाळ्यात त्याची गाडी घसरता घसरता वाचली, तेव्हापासून तिला झोप नव्हती. ठिपका हलताना दिसला की तिला श्वास घेतल्यासारखं वाटायचं.

दिपिका त्या यंत्रातल्या बाईला भामाची सवत म्हणायची. "तुजं नाय ऐकत दादा, पन तिनं डावीकडं वळा म्हटलं की लगेच वळतात."

घसरलेली गाडी वाचली त्याच आठवड्यात भामाने सोळा सोमवार धरले होते. एकही सोमवार चुकला नव्हता. ताप आला तेव्हाही नाही, नणंदेच्या लग्नात सगळे जेवायला बसले तेव्हाही नाही. आज उद्यापन. बाहेरच्या खोलीत चौरंगावर महादेवाची लहानशी पिंडी मांडलेली, समोर रांगोळी, समई, आणि शेजारी शेजारी दोन पाट. उद्यापनाला जोडीने बसायचं असतं.

सकाळी फोनवर ती बळीरामला तेच सांगत होती.

"नाय जमणार," तो म्हणाला होता. "गाडी भरलीय, खोपोलीचा माल हाय. घराकडं वळलो की ऑफिसात लगेच कळतंय."

"मग त्या यंत्रालाच बसव माज्या शेजारी पाटावर," ती म्हणून गेली होती. "ज्याच्यासाठी उपास केले त्यालाच वेळ नाय."

पलीकडे कुणीतरी हॉर्न दिला. मग फोन ठेवल्याचं कळलं. या चार महिन्यांत तिने एवढा वर आवाज कधी काढला नव्हता, आणि तोही व्रताच्या दिवशी. नंतर तिने तीनचारदा फोन लावून पाहिला. बंद होता.

निदान ठिपका तरी चालत होता. दुपारी जासईहून निघाला, पळस्प्याला थोडा रेंगाळला, मग शेडुंगच्या पुढे गेला. आणि आता हा असा, लाल होऊन बसलेला.

फोन थरथरला. भामाने तुपाच्या बोटांनीच उचलला.

"वहिनी, विश्वजीत बोलतोय, ऑफिसमधून. बळीरामशी बोलणं झालंय का तुमचं?"

"सकाळी झालं. का हो?"

"फोन बंद लागतोय त्याचा. आणि गाडी बराच वेळ एकाच जागी दाखवतेय."

"चहाला थांबले असतील."

"तिथं काही नाहीये, वहिनी. ढाबा नाही, पंप नाही." विश्वजीत थांबला. त्याच्या मागे ऑफिसातली घंटा टिणटिणत होती, ती कुणीतरी बंद केली. "घाबरू नका. त्या वळणावर मोरीचं काम चालू आहे. एक ट्रेलर कलंडलाय, असं मागून येणारे ड्रायव्हर सांगतायत. आपलाच आहे असं नाही. मी माणूस पाठवलाय."

"आणि ड्रायव्हर?"

"ते नाही कळलं अजून. माणूस पोचला की लगेच फोन करतो."

भामाने फोन मांडीवर ठेवला. मग परातीत हात घातला आणि चुरमा कुसकरू लागली. आधीच बारीक झालेला चुरमा ती आणखी बारीक करत राहिली. बोटांखाली काही उरेना, तरी थांबेना. दिपिकाने परात बाजूला ओढली तेव्हा ती रिकाम्या जागीच बोटं चोळत होती.

"काय म्हनला तो?"

भामाने सांगितलं. सांगताना 'कलंडलाय' हा शब्द तिला दोनदा म्हणावा लागला, पहिल्यांदा तोंडातून फुटलाच नाही.

"असं कसं होईल?" दिपिका उठून तिच्याजवळ येऊन बसली. "त्या रस्त्यावर काय एकच ट्रेलर चालतो? रांगा असतात रांगा. थांब, आमच्यांना लावते. पुण्याचा माल हाय त्यांचा, ते एक्सप्रेस वेनं गेले असतील. पन सांगितलं तर माघारी फिरतील. बळीदादांसाठी फिरणार नायत काय?"

तिने फोन लावला, कानाला धरला. रिंग वाजत राहिली. "उचलत नायत. गाणी लावलेली असतात मोठ्यानं, वाजलेलं कळतच नाय मेल्यांना." तिने परत लावला, परत ठेवला. "बगतील नि करतील. तू पानी पी आदी."

"उपास हाय."

"पान्याला काय झालं? महादेव काय रागावतोय पान्यावर?"

भामाने मान हलवली. तिला वाटत होतं, आपण हललो तर तिकडे काहीतरी होईल. समईची वात जराशी काजळली होती, ती सारखी करायलाही ती उठली नाही. खाली रस्त्यावर कुणाची तरी रिक्षा मागे घेण्याचा आवाज येत होता, मुलं ओरडत होती, आणि दर वेळी ती दाराकडे बघत होती. बातमी घेऊन येणारा माणूस कसा येतो? जिना धावत चढतो, की हळू?

दिपिकाने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि पिंडीकडे तोंड केलं.

"म्हन माज्याबरोबर. महादेवा, ती गाडी बळीदादांची नसू दे."

"ती गाडी त्यांची नसू दे," भामा म्हणाली.

"कोनाची पन असू दे, पन बळीदादांची नको."

भामा अडखळली. असं मागायचं नसतं, इतकं तिला कळत होतं. इतक्या सोमवारांत देवाजवळ तिने दुसऱ्याच्या ताटातलं काही मागितलं नव्हतं. पण दिपिकाचे हात उबदार होते, आणि फोनवरचा ठिपका लाल होता.

"कोनाची पन असू दे," तिने डोळे मिटून म्हटलं. "पन यांची नको."

जिन्यावर पावलं वाजली. हळू. एकेक पायरी चढत, मधेच थांबत. भामाला उठता आलं नाही. दिपिकाच उठली, तिने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला.

दारात बळीराम उभा होता. नुकतीच दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, एका हातात बेलाची पिशवी आणि दुसऱ्यात नारळ.

"काय झालं?" त्याने दोघींकडे पाहिलं. "आटपली काय पूजा?"

"दादा!" दिपिकाने त्याच्या दंडावर चापटच मारली. "लाज हाय काय? फोन कशाला बंद ठेवला? हिचा जीव चालला व्हता इथं!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "वैनी, बग, आला तुजा ठिपका चालत जिन्यावरनं! महादेवानं ऐकलं गं, उभ्या उभ्या ऐकलं." पदराने तोंड पुसत ती आत वळली. "थांबा, चहा टाकते. हिचा उपास हाय, निदान तुमी तरी प्या. मला पन पायजे."

भामाने बळीरामचं मनगट धरलं होतं. कधी उठली, कधी धरलं, तिला आठवत नव्हतं. त्याच्या गालाला साबणाचा वास होता. ती त्या वासाजवळ थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं,

"गाडी कुठं हाय?"

"जासईला. चुलतभावाच्या जागेत लावली, त्याचीच बाईक आनली. पनवेलात दाढीला बसलो म्हनून उशीर झाला." नारळ खाली ठेवून तो हळूच हसला. "सकाळी बोललीस ना, यंत्राला पाटावर बसव? मग म्हटलं, यंत्राला जाऊ दे कामावर, मी जातो पाटावर."

"म्हंजे?"

"यंत्र पाठवलं पुढं. फोन पन बंद ठेवला, ऑफिसचा आला तर बोलू काय? सगळे ड्रायव्हर करतात असं कधीमधी. पूजा झाली की गाडी काढतो नि गाठतो त्याला ढाब्यावर."

"कोनाला?"

"दिनानाथला. यार्डात भेटला. त्यानंच सुचवलं. दे म्हनला इकडं, चिकटवतो माज्या काचेवर. तू जा, वैनीचं उद्यापन चुकवू नको."

भामाने त्याचं मनगट सोडलं. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

बळीराम काचेकडे बघत राहिला. हसू अजून ओठांवर होतं, त्याला जायला वेळ लागला.

"ते एक्सप्रेस वेनं जातात ना?" भामाने विचारलं. तिचा आवाज जेमतेम तिच्या ओठांपर्यंत आला.

"जातो. पन माजी रेष जुन्या रस्त्यावरनं हाय. रेष सोडली असती तर घंटा वाजली असती. तो म्हनला, खोपोलीपर्यंत तुज्या रेषेवरनं जातो, मग चढतो वर." त्याने तिच्याकडे पाहिलं. "थांबला असंल कुठं तरी."

"विश्वजीतचा फोन आला होता. तिथं ट्रेलर कलंडलाय."

आत कपबशा वाजल्या. बळीरामने खिशातून आपला फोन काढला, चालू केला, नंबर शोधला. अंगठा दोनदा चुकला. रिंग वाजली, वाजत राहिली. आतून दिपिकाची चाहूल जवळ आली तसा त्याने तो घाईने बंद केला.

"दादा, आलं टाकू की नको?" दिपिका आतूनच म्हणाली. "आनि ऐका, आमच्यांचा फोन आला तर त्यांना सांगा, चुरमा ठेवलाय म्हनावं. परतताना ढाब्यावर खाऊ नका कुठं!"

"टाक," बळीराम म्हणाला. मग भामाच्या जवळ सरकून अगदी हलक्या आवाजात, "तिला एवढ्यात नको सांगू. आदी पूजा उरकू. वेळ टळंल. चार महिने पाळलंस, आता शेवटाच्या वक्ताला उठलीस तर सगळं वाया जाईल. कदाचित यंत्रच पडलं असंल काचेवरनं. त्याची पट्टी ढिली झालीय." तो पाटाकडे बघत बोलत होता. त्याच्या मानेवर दाढीच्या साबणाचा एक सुकलेला पांढरा ठिपका राहून गेला होता. "बस ना. मी अंघोळ करून आलोच."

भामाने पाटांकडे पाहिलं. रांगोळी कुठेही पुसलेली नव्हती. कलशातलं पाणी काठोकाठ होतं. एवढंच बाकी होतं: बसायचं, हातावर पाणी घ्यायचं, आणि ज्याच्यासाठी मागितलं तो शेजारी असायचा.

तिने हात जोडले नाहीत. रांगोळीला वळसा घालून ती आत गेली आणि चहाखालचा गॅस बंद केला.

"अगं, उकळी तरी येऊ दे!" दिपिका म्हणाली. तिच्या हातात आल्याचा तुकडा होता, ठेचायचा राहिलेला.

"चल माज्याबरोबर."

"कुठं?"

"खाली बाईक हाय. आपन तिघं जाऊ."

"उद्यापन सोडून?" दिपिका हसायला लागली. "बघा दादा, बाई खुळी झाली तुमची. दिवसभर पोटात काय नाय, असंच व्हनार. अगं, आले ना ते? डोळ्यांसमोर उभे हायेत ना?"

भामाने तिच्या हातातला आल्याचा तुकडा काढून ओट्यावर ठेवला. दंडाला धरून तिला बाहेर आणलं. बळीराम भिंतीला टेकून उभा होता, त्याने चेहरा दुसरीकडे वळवला. दिपिका त्याच्याकडे बघत म्हणाली, "दादा? काय झालं?" आणि अजूनही हसूच तिच्या तोंडावर होतं, फक्त ते आता जरा एका बाजूला राहिलं होतं.

दारापाशी तिच्या चपला पडल्या होत्या, एक उलटी. भामा खाली वाकली. तिने चप्पल सुलटी केली, आणि दिपिकाचा पाय हातात घेऊन तीत सरकवू लागली.

"अगं वैनी," दिपिकाने पाय मागे ओढला, "तू मोठी ना? माज्या पायाला कशाला हात लावतेस?"

भामाने पाय सोडला नाही.